चौथ्या कोपऱ्याचा दगड

“पृथ्वी हा एक अपघात आहे,” प्रेमराज सरांनी उजवा हात उंच करून जाहीर केलं, “आणि माणूस म्हणजे त्या अपघाताभोवती जमलेला बघ्या.” वाक्य चांगलं उतरलं होतं. हात अजून क्षणभर वर ठेवावा की टाळ्यांना जागा देऊन खाली घ्यावा, याचा ते विचार करत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला, “सर, ओटीपी.”

टाळ्या वाजवायला तसंही समोर कुणी नव्हतं. फ्रिज होता. रविवारी कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘पृथ्वीजवळचे लघुग्रह : स्वरूप आणि उगम’ या विषयावर सरांचं व्याख्यान होतं आणि त्याची तालीम ते फ्रिजसमोर करत होते, कारण फ्रिजही संघाच्या सभासदांसारखाच मधूनमधून घुरघुरायचा आणि मग एकाएकी गप्प व्हायचा. दारात चंदन उभा होता, खांद्यावर सिलिंडर. अमळनेरच्या कॉलेजात सरांनी ज्यांना फिजिक्स शिकवलं त्यांपैकी हा एक. दोन वर्षं शिकवूनही सर त्याचं काही बिघडवू शकले नव्हते. त्याने सिलिंडर खाली ठेवला, फडक्याने मान पुसली आणि म्हणाला, “मॅडमला लावा फोन.” कारण गॅसचं कार्ड सरांच्या नावावर असलं तरी त्यावरचा मोबाइल नंबर प्रमिलाबाईंचा होता. एजन्सीने नंबर मागितला त्या काळात सर तत्त्व म्हणून मोबाइल वापरत नसत. पुढे तत्त्व गेलं, नंबर राहिला. आणि प्रमिलाबाई मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी धुळ्याला देवपुरात आपल्या मोठ्या बहिणीकडे, पुष्पाअक्काकडे, आठ दिवसांसाठी गेल्या होत्या, त्या अजून तिथेच होत्या.

फोन बराच वेळ वाजला. मग प्रमिलाबाईंचा आवाज, जरा धापा टाकत, “गॅसवाला आला का?” सर हो म्हणाले. त्यांनी आकडे सांगितले, सरांनी मोठ्याने म्हटले, चंदनने टिपले. मग नेहमीचं झालं. “बरं आहे ना?” “बरं आहे. तुझं?” “बरंय.” इथे फोन बंद व्हायचा असा रिवाज होता. पण आज प्रमिलाबाई म्हणाल्या, “आणि हे बघा, एजन्सीत जाऊन नंबर तुमचाच लावून घ्या आता.” आणि मग बंद झाला.

“लावून घ्या ना सर,” सगळं ऐकलेला चंदन म्हणाला. “आधार घेऊन जायचं फक्त. पाच मिन्टाचं काम आहे. मॅडमला कशाला दर वेळी त्रास.” रिकामा सिलिंडर त्याने एका बोटावर उचलल्यासारखा उचलला आणि फाटकाची कडी न लावता गेला. सर स्वयंपाकघरात उभे राहिले. भरल्या सिलिंडरला एक थंड लोखंडी वास असतो, तो घरभर पसरला होता. नंबर तुमचाच लावून घ्या, हे ठीक होतं. व्यवहाराचं होतं. त्या शेवटच्या ‘आता’चं काय करायचं हे सरांना कळेना. वाक्य त्या ‘आता’शिवायही पूर्ण होत होतं. मग ते तिथे का ठेवलं असेल? प्रमिलाबाई उगाच काही ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या डब्यात शिळी भाकरीसुद्धा विचार करून ठेवत. आता म्हणजे इतक्या महिन्यांनंतर. आता म्हणजे यापुढे. आता म्हणजे, आता कशाला.

एकट्या माणसाचा सिलिंडर लवकर संपत नाही. ही त्यातली खरी अडचण होती. सर सकाळी पोळीभाजीचा डबा घेत, दुपारी त्यातलंच उरलेलं खात, आणि गॅस फक्त चहापुरता. त्या हिशेबाने प्रमिलाबाईंचा आवाज वर्षातून तीन-चारदा कानी पडायचा. एरवी फोन करायचा तर काय म्हणून करायचा? बायकोला काही कारण नसताना फोन करायचं जेव्हा वय होतं तेव्हा घरात फोन नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून सर चहा जरा जास्त उकळू लागले होते. अंघोळीचं पाणी, गच्चीवरच्या सोलरच्या टाकीतून चटका बसेल इतकं गरम येत असतानाही, पातेल्यात घेऊन पुन्हा तापवत. आपण असं का करतो हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं, आणि स्वतःने आपण होऊन सांगितलं नव्हतं. काही लघुग्रह असेच असतात, लांबट कक्षेतून फिरणारे, मधूनच पृथ्वीच्या जवळून जातात, वर्तमानपत्रांत छापून येतात आणि पुन्हा दिसेनासे होतात. ‘जवळून’ म्हणजे लाखो किलोमीटर, हे छापायचं बहुधा राहून जातं. खगोलशास्त्रात जवळ या शब्दाची व्याख्या फार उदार आहे. संसारातही असावी.

भांडण झालं नव्हतं. हेच सरांना कुणाला समजावता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तिला करणारं कुणी नव्हतं, म्हणून प्रमिलाबाई गेल्या. मग दसऱ्याच्या सुमारास दुसऱ्या गुडघ्याचं झालं. अक्काला सुदैवाने दोनच गुडघे होते. पुढे दिवाळीला प्रमिलाबाई चार दिवस येऊन गेल्या, घर घासूनपुसून लख्ख केलं, सगळ्या डब्यांवरची झाकणं बदलून योग्य डब्यांवर बसवली, आणि परत गेल्या. शिंदखेड्याला एका लग्नात दोघं भेटले, म्हणजे पुरुषांच्या पंगतीतून सरांना बायकांच्या पंगतीतलं त्यांचं हिरवं लुगडं दिसलं. नंतर अक्का काठी टाकून चालू लागली असं बंगळूरहून मुलीने, भूमिकाने, सांगितलं. सरांनी वाट पाहिली. वाट पाहिली म्हणजे कुणाला तसं कळू दिलं नाही. फेब्रुवारीत टीव्हीवर एका लघुग्रहाचा फार गवगवा झाला. काही वर्षांनी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता थोडीशी का होईना आहे, आणि आदळण्याच्या संभाव्य पट्ट्यात आपला देशही येतो, असं कळल्यावर एका वाहिनीने तो पट्टा हळूहळू सरकवत तापीच्या खोऱ्यात आणून ठेवला. शक्यता वाढत गेली तसे सर दिवसातून दोनदा बातम्या बघू लागले. मग वेध नीट मिळाले आणि शक्यता जवळजवळ शून्य झाली. सरांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना वाटलं, कुणीतरी येतो म्हणून सांगून आलं नाही.

व्याख्यानात दाखवायला दगड न्यावा, असं गॅस आला त्या दुपारी त्यांच्या मनात आलं. पिंपळनेरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, निवडणुकीच्या कामावर असताना त्यांना तो मिळाला होता. तरुण होते तेव्हा. शाळेच्या पडवीत मतपेटीजवळ झोपायचं आणि वना नावाच्या माणसाच्या घरून भाकरी यायची. वनाच्या दाराशी बकरीची दोरी एका काळ्या दगडाला बांधलेली होती. नारळापेक्षा थोडा मोठा, एका अंगाने सपाट, बाकी गोलसर, वर अंगठा दाबल्यासारखे खळगे. उचलला तर अपेक्षेपेक्षा जड. वना म्हणाला, आमच्या आज्याने हा आभाळातून पडताना पाहिला. सरांनी बकरीला दुसरा दगड शोधून दिला आणि हा मांडीवर घेऊन एसटीने घरी आले. खिडकीतून वारा येत होता, मांडी बधिर झाली होती, आणि आपण सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचा एक तुकडा साक्रीमार्गे जळगावला नेत आहोत हे शेजारच्या प्रवाशाला सांगावं की नाही या विचारात सगळा रस्ता गेला. खानदेशात काळ्या जड दगडांची ददात नाही, अख्खा मुलूखच लाव्हाचा, हे सरांना माहीत होतं. ते वर्गात शिकवत. लोहचुंबक या दगडाला किंचित ओढ दाखवतं, पण ती आपला साधा काळा पत्थरही दाखवतो, हेही माहीत होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने कळवलं होतं, एक पातळ काप करून पाठवा, सांगतो. सर म्हणत, असा ऐवज कापायला मन होत नाही. लोकांना ते पटे. सरांनाही बऱ्याच अंशी पटलं होतं.

दगड हॉलमधल्या काचेच्या कपाटात, खालच्या कप्प्यात असायचा. सरांनी कपाट उघडलं आणि ते वाकूनच राहिले. दगड नव्हता. भूमिकाने पाठवलेला काचेचा हंस होता, निरोप समारंभाची घड्याळ बसवलेली नटराजाची मूर्ती होती, आणि दोघांच्या मधे जागा होती. त्या जागेवर गोल डाग नव्हता. धूळ तिथेही होती, आजूबाजूइतकीच, सारखी पसरलेली. सरांनी बोट फिरवून पाहिलं. कित्येक महिन्यांची धूळ होती ती. तीस वर्षं ज्या वस्तूचा उल्लेख त्यांनी पाहुण्यांसमोर ‘या घरातली सगळ्यात वयस्कर व्यक्ती’ असा केला, ती घर सोडून केव्हाच गेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. रोज संध्याकाळी ते या कपाटासमोरच्या खुर्चीत बसत. रोज.

चोर दगड नेत नाही. मग सरांना त्या जाण्याच्या सकाळचा रिक्षावाला आठवला. प्रमिलाबाई निघाल्या तेव्हा सर जपानच्या यानाबद्दल वाचत बसले होते, लघुग्रहावरची माती घेऊन आलेल्या. “आठ दिवसांत येते,” प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या. सर “हं” म्हणाले. त्या दारात थांबल्या. म्हणजे थांबल्या असाव्यात, कारण दाराच्या उजेडात काहीतरी होतं आणि मग नव्हतं, एवढं त्यांना डोळ्यांच्या कडेने कळलं होतं. बाहेर रिक्षावाल्याचा आवाज आला, “बापरे, दगड भरले का ताई पिशवीत?” आणि प्रमिलाबाई म्हणाल्या, “हो.” तेव्हा सरांना वाटलं होतं, बायको आज मोकळेपणाने थट्टा करतेय, चांगलं आहे. आणि त्यांनी पान उलटलं होतं.

आठ दिवसांसाठी जाणारी बाई एवढा मोठा दगड नेत नाही. म्हणजे तेव्हाच ठरलं होतं. किंवा काहीच ठरलं नव्हतं आणि तिला त्यांची एखादी वस्तू बरोबर हवी होती. लोक फोटो नेतात. हे दुसरं सरांनी लगेच बाजूला सारलं, कारण फोटो नेण्याच्या वृत्तीच्या प्रमिलाबाई नव्हत्या. त्या दगडाशी त्यांचं नातं निराळंच होतं. ते बिबड्यांवरून जुळलेलं. दर उन्हाळ्यात होळीच्या आगेमागे गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे. रात्रीच भिजवून भरडलेली ज्वारी, पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवलेला घाटा, त्यात तीळ, लसूण, मिरची. मग जुनं धोतर ओलं करून गच्चीवर अंथरायचं, त्यावर हाताने पातळ गोल थापायचे आणि उन्हात सोडायचे. दहा-अकरा वाजले की वारा उठतो आणि धोतर बिबड्यांसकट उडू बघतं, म्हणून चार कोपऱ्यांवर चार वजनं. तीन कोपऱ्यांना वरवंटा, खलबत्ता आणि पाण्याची कळशी असे. चौथ्याला एकदा प्रमिलाबाईंनी कपाटातला हा दगड नेला. सर कॉलेजातून आले, गच्चीवर गेले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थिजले. “अगं, तो साडेचारशे कोटी वर्षांचा आहे,” ते म्हणाले. “आणि तू त्याला बिबड्यांवर ठेवलंस?” प्रमिलाबाईंनी मान वर न करता सांगितलं, “इतक्या वर्षांत कुणी काही काम दिलं नाही त्याला. आता मी देते.” पुढे दर वर्षी दगड उन्हाळ्यात गच्चीवर जाई आणि पावसाच्या आधी धुऊनपुसून कपाटात परत येई. त्याच्या सपाट बाजूला घाट्याचा एक पांढरट थर बसला होता. पाहुण्यांना सर तो भाग दाखवत नसत.

रविवारी सर दगडाऐवजी एक बटाटा आणि ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन गेले. संघाचे सचिव बन्सीलाल, वीज मंडळातून निवृत्त झालेले, त्यांनी ओळख करून देताना ‘आपल्या सर्वांच्या डोक्यावर असलेला विषय’ असं म्हटलं आणि पंखा सरांकडून श्रोत्यांकडे वळवला. सरांनी पृथ्वी हा अपघात आहे हे वाक्य टाकलं. ते तसं उतरलं नाही. मग सांगू लागले, की मंगळ आणि गुरू यांच्यामधे एक ग्रह व्हायचा राहून गेला. गुरूच्या ओढाताणीत तिथले दगड कधी एकत्र नांदू शकले नाहीत. ते एकमेकांवर आपटतात, फुटतात, तुकडे पुन्हा जवळ येतात. आपण ज्याला अखंड दगड समजतो तो बहुतेक वेळा अखंड नसतोच. ढिगारा असतो. आत अर्धी जागा पोकळ. एका यानाने असल्या एका लघुग्रहावर हात टेकवला, तर त्याला टणक काही लागलंच नाही, हात आतच गेला. एकमेकांना धरून राहण्यापुरतीच ओढ असते त्यांच्यात, जास्त नाही. जोरात फिरले तर सुटे होतील. रंग पाहाल तर काही कोळशाहून काळे. आकार बटाट्याचे. आणि काही असे, सरांनी शेंग वर धरली, दोन गोळे हळूच येऊन टेकलेले. काहींना स्वतःचा छोटा चंद्रही असतो, दर पाच-सहांत एकाला तरी. तो त्याच्याभोवती फिरत राहतो.

“सर, जळगाववर पडंल का एखादा?” मागून कुणीतरी विचारलं. सर नाही म्हणाले. “दुपारी पडला तर कळणार बी नाही,” दुसरे आबा म्हणाले, “बठ्ठा गाव झोपेल राहतो.” हशा झाला. नमुन्याच्या शेंगा एव्हाना तिसऱ्या रांगेत पोचून संपल्या होत्या. सर हसले आणि मग त्यांना ज्यावर खरं बोलायचं होतं तिथे आले. हे दगड तिथून, इतक्या लांबून, आपल्या जवळ येतातच कसे? लोकांना वाटतं, मोठी टक्कर होते आणि ते फेकले जातात. तसं फारसं नसतं. उन्हाने येतात. दगड स्वतःभोवती फिरत असतो, समोरची बाजू तापते. तापलेली बाजू फिरून दुपारकडे जाते आणि घेतलेली ऊब तिथे बाहेर टाकते. उष्णता बाहेर पडते ना, ती पडताना दगडाला उलट्या बाजूला इवलासा धक्का देते. द्राक्षाचे दोन-तीन मणी तळहातावर ठेवा, तेवढा. तेवढ्याने काय होणार? रोजच्या रोज, लाखो, कोट्यवधी वर्षं. दगड इंच इंच सरकत राहतो. आणि एक दिवस अशा जागी येऊन पोचतो, जिथे गुरू त्याला दर फेरीला त्याच ठिकाणी ओढतो. मग मात्र कक्षा ताणली जाते आणि तो आपली जागा सोडून निघतो. “लक्षात घ्या,” सर म्हणाले, “कुणी ढकललेलं नसतं. भांडण नाही, आदळआपट नाही. दोघं आपापल्या जागी. नुसती रोजची दुपार. एकाने वाचत बसायचं आणि दुसऱ्याने—” ते थांबले. पंखा फिरत होता. समोरच्या भिंतीवर संघाच्या सहलीचा फोटो होता, त्यात उजव्या टोकाला प्रमिलाबाई, कुणाच्यातरी खांद्यामागे अर्ध्या. बन्सीलालना वाटलं सरांना तहान लागली. त्यांनी पाण्याचा पेला आणून दिला. सरांनी सगळा पेला संपवला. त्यांना तहान लागलेली होती हे खरंच होतं.

शेवट सांगायचा राहिला, तो कुणी विचारला नाही. पृथ्वीजवळ आलेले हे दगड फार काळ टिकत नाहीत. काही लाख, फार तर काही कोटी वर्षं. बरेचसे सूर्यात जाऊन पडतात, काही सूर्यमालेच्या बाहेर फेकले जातात. एखाददुसरा कुणाच्यातरी अंगणात येतो.

सोमवारी सकाळी सर आधार कार्ड खिशात घालून एजन्सीत जायला निघाले. हे नक्की. कडी लावली, कुलूप ओढून पाहिलं, शेजारी सांगितलं की नंबर बदलायला जातोय. एजन्सी उघडायला वेळ होता म्हणून ते स्टँडसमोर चहा प्यायला थांबले. नंबर बदलला की काय होईल ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. चंदन येईल, सरांच्याच खिशात फोन वाजेल, सर स्वतःच स्वतःला आकडे वाचून दाखवतील. बरं आहे ना? बरं आहे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. समोर धुळ्याची गाडी लागली होती, कंडक्टर दारात उभा राहून “पारोळा, धुळे, बसून घ्या” असं कुणाकडेही न बघता म्हणत होता. सरांनी बसून घेतलं. आपण बसलो हे त्यांना गाडी एरंडोलकडे वळल्यावर जाणवलं, आणि आपल्याला धक्का देणारं आसपास कुणी नव्हतं हेही.

मग भाषण तयार करणं आलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले होते, ऊन अजून कोवळं होतं तरी खिडकीची सळई तापू लागली होती. प्रमिला, मी तुला काही सांगायला आलो आहे. हे नको, निरोप्यासारखं वाटतं. प्रमिला, माणसं म्हणजे अखंड दगड नव्हेत. हे फार. प्रमिला, गेली छत्तीस वर्षं आपण एका घरात— इथे पारोळा आलं आणि शेजारी एक बाई कोंबडीची टोपली घेऊन बसली. टोपलीतून एक डोळा सरांकडे एकटक बघत होता. त्या डोळ्यासमोर छत्तीस वर्षांचं वाक्य पुढे सरकेना. सरांना आठवलं, लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात ते प्रमिलेला गच्चीवर तारे दाखवायला घेऊन गेले होते. तिने खूप वेळ वर पाहिलं आणि विचारलं, “यातला तुमचा कोणता?” त्यांनी तिला समजावलं की तारे कुणाचे नसतात. तब्बल तासभर समजावलं. काय बोललो असू आपण तासभर? एक बोट दाखवून तो, म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? धुळ्यात गाडी शिरली तेव्हा भाषणातलं एकच वाक्य शिल्लक होतं, तेही पृथ्वी हा अपघात आहे हे.

पुष्पाअक्का ओट्यावर शेवया निवडत बसली होती. दोन्ही गुडघे सरळ समोर पसरलेले, अगदी ठणठणीत. “या पाव्हणा,” ती म्हणाली. “आज कशी काय वाट चुकनात? परमिला वर शे, गच्चीवर. बठ्ठी सकाळ तठेच शे ती. चहा मांडू का?” सर नको म्हणाले आणि जिना चढले. जिना अरुंद होता, भिंती तापल्या होत्या, हाताला चुना लागत होता. शेवटच्या पायरीवर ते थांबले.

गच्चीभर पांढरं धोतर अंथरलेलं आणि त्यावर बिबडे, ओळीने, ओले, उन्हात चमकणारे. प्रमिलाबाई पलीकडच्या टोकाला उकिडव्या बसून शेवटची ओळ थापत होत्या. डोक्यावरून पदर, कोपरापर्यंत हात घाट्याने माखलेले. एका कोपऱ्यावर वीट होती, एकावर लोखंडी खल. आणि सरांच्या पायाशी, सगळ्यात जवळच्या कोपऱ्यावर, दगड. काळा, धुतलेला, त्याच्या खळग्यांत ऊन साचलेलं. सरांना एकदम वाकून त्याला हात लावावासा वाटला. त्यांनी लावला. तो तापलेला होता.

“तो नका हलवू,” प्रमिलाबाई म्हणाल्या. मग वर पाहिलं. त्यांनी विचारलं नाही, कसे आलात म्हणून. “नंबर लावून घेतला?”

“नाही. आधार घेऊन निघालो होतो.”

“मग?”

“इकडे आलो.”

प्रमिलाबाईंनी मान हलवली, जणू एजन्सीचा रस्ता धुळ्यावरूनच जातो. “हात घाट्यात असतात,” त्या म्हणाल्या, “फोन खाली. तुमचा फोन आला की तेवढा जिना उतरायचा, हात धुवायचे, आकडे शोधायचे. बिबड्यांचे दिवस आहेत. म्हणून म्हटलं आता.”

म्हणजे ‘आता’ एवढंच होतं. सर पायरीवर टेकले. दोन दिवस त्यांनी त्या शब्दाभोवती अख्खी सूर्यमाला फिरवली होती. हसू यायला हवं होतं, थोडं आलंही. पण मग इतका वेळ जो आधार घेऊन ते आले होते तोही त्या हसण्याबरोबर गेला, आणि गच्चीवर नुसतं ऊन राहिलं आणि ते स्वतः राहिले. “हा तू घेऊन आलीस,” ते दगडाकडे पाहत म्हणाले. “मला कळलं नाही.”

“माहितेय मला.”

“परवा कळलं.”

“दिवाळीला आले होते ना,” प्रमिलाबाई थापता थापता म्हणाल्या, “तेव्हा वाट बघितली. म्हटलं, आज विचारतील दगड कुठे गेला. कपाटही दोनदा उघडं ठेवलं. चार दिवस होते मी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. वेध घेतल्यासारखा तो सरळ होता. “मग म्हटलं, राहू दे. इथे कामाला येतो.”

खालून अक्काने विचारलं, पाव्हण्यांचं जेवण इथेच ना. वारा उठायची वेळ झाली होती. सर उभे राहिले. भाषणातलं जे एक वाक्य उरलं होतं तेही त्यांनी सोडून दिलं. घसा खाकरला, हात वर केला, मग तो वर का केला हे न कळून खाली घेतला. “प्रमिला,” ते म्हणाले, “घरी कधी येतेस?”

प्रमिलाबाईंनी शेवटचा बिबडा थापला. त्याच्या कडा बोटांनी सारख्या केल्या. मग परातीच्या काठावर हात निथळत त्या बराच वेळ सरांकडे बघत राहिल्या, कपाट उघडं ठेवलेल्या माणसासारख्या. “आधी हे वाळू दे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून ते पुरतं निघतं न निघतं तोच चौथा कोपरा, ज्यावर काहीच नव्हतं, फडफडून वर उठला. सर गच्चीच्या कडेकडेने जवळजवळ धावत गेले आणि दोन्ही हातांनी तो दाबून खाली बसले. धोतर ओलं होतं, हाताखाली धडपडत होतं. समोर, तिरप्या रेषेत, दुसऱ्या टोकाला दगड बसला होता. सरांना वाटलं आपण काहीतरी म्हणायला हवं. त्यांनी वर पाहिलं.

“जरा पलीकडून धरा,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “सावली पडतेय तुमची.”